गरोदर असताना एक्स-रे, सीटी झाला तर बाळाला किती डोस गेला हे कसं काढतात

दादा, तुमच्या लिहिण्यावरून मला समजलं ते असं. वहिनींची गाडी कागलजवळ घसरली, कमरेला आणि पोटाला मार बसला, दवाखान्यात कमरेच्या मणक्याचे दोन एक्स-रे काढले, एक पेल्विसचा म्हणजे कमरेखालच्या हाडांचा, एक छातीचा, आणि आत कुठं रक्तस्राव होतोय का बघायला पूर्ण पोटाचा सीटी केला, आधी साधा आणि मग इंजेक्शन देऊन परत. पाळी तेव्हा तीन-चार दिवस पुढं गेलेली पण त्या गडबडीत ना त्यांच्या लक्षात आलं ना कुणी विचारलं. नंतर घरी टेस्ट केली तर पॉझिटिव्ह. आणि मग एका डॉक्टरांनी सीटीची फाईल न उघडताच सांगितलं की रिस्क कशाला घेताय, खाली करा, वय लहान आहे, पुढं होईलच. आता घरात दोन तट पडलेत, वहिनींना रात्री झोप नाही, आणि तुम्ही विचारताय की बाळाला नक्की किती किरणं लागली हे कुणी मोजून सांगू शकतं का.

सांगू शकतं. मी मेडिकल फिजिसिस्ट आहे, कोल्हापूर आणि आसपासच्या तालुक्यांतल्या एक्स-रे सीटी मशीनची तपासणी करतो आणि अशा केसमध्ये गर्भाच्या डोसचा हिशोब करून गायनॅकच्या हातात कागद देतो, हे बरीच वर्षं चाललंय. त्यामुळं पहिल्यांदा एवढंच सांगतो की आकडा हातात येईपर्यंत काही ठरवू नका. हिशोबाला एक-दोन दिवस पुरतात, तेवढ्यानं कुणाचंच काही बिघडत नाही.

आता हिशोब कसा करतात ते सगळं सांगतो, म्हणजे उद्या कुणी काही आकडा तोंडावर फेकला तर तुम्हाला प्रश्न विचारता येतील.

सुरुवात तारखेपासून होते, मशीनपासून नाही. गायनॅक आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, आणि रेडिएशनच्या पुस्तकात जे आठवडे दिलेत ते गर्भ राहिल्यापासूनचे असतात, म्हणजे दोन आठवड्यांचा फरक कायमचा. हा फरक विसरल्यानं इतके गोंधळ झालेले बघितलेत की मी रिपोर्टमध्ये दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहितो. पुस्तकातला ८ ते १५ आठवडे हा मेंदूसाठी सगळ्यात नाजूक काळ म्हणजे आपल्या दवाखान्याच्या भाषेत १० ते १७ आठवडे. वहिनींची पाळी नियमित २८ दिवसांची असेल तर सीटीच्या दिवशी पाळीपासून साडेचार आठवडे आणि गर्भ राहून अडीच आठवड्यांच्या आसपास होतात. पण पाळी मागंपुढं होत असेल तर हे गणित धरू नका, लवकरची सोनोग्राफी करून बाळाच्या लांबीवरून तारीख पक्की करा आणि मग उलटं मोजत सीटीच्या दिवसापर्यंत या.

याला एवढं महत्त्व का, तर तोच डोस वेगवेगळ्या आठवड्यात वेगळं काम करतो. गर्भ राहिल्यापासून पहिले दोन आठवडे पेशी थोड्याच असतात, मोठा डोस बसला तर गर्भ टिकत नाही आणि टिकला तर व्यंग न राहता वाढतो असं मानतात. मग २ ते ८ आठवडे अवयव तयार होतात, मोठ्या डोसनं व्यंगाची भीती याच काळात जास्त. त्यानंतर ८ ते १५ मेंदूचा काळ, १६ ते २५ मध्ये ती नाजूकता कमी होते, आणि पुढं आणखी कमी. वहिनी अवयव तयार होण्याच्या अगदी सुरुवातीला होत्या, मेंदूचा तो काळ यायचा होता.

दुसरा प्रश्न, किरणांचा झोत गर्भपिशवीवरनं गेला का. बॅटरीचा झोत भिंतीवर पडतो तिथं लख्ख उजेड आणि शेजारी नुसता अंधुक, तसंच हे. छातीच्या एक्स-रेला झोत छातीवर असतो, खाली पिशवीपर्यंत पोचतं ते शरीराच्या आतनं विखरत आलेलं थोडंसं, ०.०००५ ते ०.०१ मिलिग्रे (अंगात किती रेडिएशन शोषलं गेलं ते मोजायचं माप). हातापायाचा, दातांचा, मानेचा एक्स-रे, डोक्याचा सीटी, हे सगळं ०.०१ च्या आत. आणि आपण सगळे जमिनीतनं, आकाशातनं, खाण्यातनं जे नैसर्गिक रेडिएशन घेतो त्यातनंच बाळाला नऊ महिन्यांत अर्धा ते एक मिलिग्रे मिळतो, एकही एक्स-रे न काढता. म्हणून दाताचा किंवा छातीचा एक्स-रे झालाय म्हणून कुणी घाबरून आलं तर मी हिशोबसुद्धा करत बसत नाही, तिथंच सांगतो की चहा घ्या आणि घरी जा. वहिनींचा छातीचा एक्स-रे आपण इथंच बाजूला ठेवू.

राहिले कमरेचे दोन, पेल्विसचा एक, आणि सीटी. हे झोतातले.

एक्स-रेचा हिशोब असा. मशीनवर किती केव्ही म्हणजे किरणांचा जोर, किती एमएएस म्हणजे किरणांचं प्रमाण लावलं होतं, किरणं सोडणाऱ्या ट्यूबपासून फिल्म किती लांब, आणि पेशंटची पोटाची जाडी किती, एवढं लागतं. शिवाय ते मशीन दर एमएएसला किती रेडिएशन सोडतं हा आकडा लागतो आणि तो त्या मशीनच्या क्वालिटी टेस्टच्या रिपोर्टमध्ये असतो, एईआरबीच्या म्हणजे मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमानं ही टेस्ट दर दोन वर्षांनी करून ठेवावी लागते. तुमच्याकडं हे आकडे नाहीत म्हणून मी आपल्याकडं नेहमी लावतात ते धरतो. समोरून कमरेचा एक्स-रे, ८० केव्ही, ५० एमएएस, मशीन एक मीटरवर दर एमएएसला ६० मायक्रोग्रे सोडतंय, म्हणजे एक मीटरवर ३ मिलिग्रे. पण पोटाची कातडी एक मीटरवर नसते, ती ट्यूबच्या जवळ असते, ७५ सेंटीमीटर धरू, अंतराच्या वर्गाचा नियम लावला की ५.३ होतात, आणि शरीरातनं उलटं परतणारं रेडिएशन धरायला १.३५ नं गुणलं की कातडीवर साधारण ७ मिलिग्रे. हा आकडा बाळाचा नाही! इथं लोकं थांबतात आणि घाबरतात. कातडीपासून पिशवीपर्यंत जाता जाता बरंचसं शोषलं जातं, समोरून काढलेल्या फोटोत पिशवीपर्यंत साधारण पाव हिस्सा पोचतो, म्हणजे १.८ मिलिग्रे. बाजूनं काढलेल्या फोटोला मशीन जास्त लावतात पण पिशवी बाजूनं फार खोल पडते, त्यामुळं तिथं एकाच्याही आत. पेल्विसचा १.२ धरू. तिन्ही मिळून ४ च्या आत.

एक गोष्ट मात्र टेक्निशियनना जाऊन विचाराच, एखादा फोटो बिघडला म्हणून परत काढला होता का. तुमच्या हातात फिल्म तीन असतील पण एक्सपोजर पाच झाले असतील, डिजिटल मशीनवर परत काढणं एका बटणाचं काम आहे आणि त्याची फिल्म कुणी देत नाही. भांडायला जाऊ नका, शांतपणे विचारा, बहुतेक टेक्निशियन खरं सांगतात, त्यांनाही घरी लेकीसुना आहेत. परत काढला असेल तर तो आकडा मिळवायचा एवढंच.

आता सीटी, खरा डोस तिथंच आहे. तुम्ही लिहिलंय की सीटीच्या शेवटच्या पानावर दोन ओळी आहेत, साध्या स्कॅनची एक आणि इंजेक्शनच्या स्कॅनची एक, आणि दोन्हीत सीटीडीआय म्हणजे त्या स्कॅनला मशीननं किती डोस सोडला तो आकडा ९ मिलिग्रेच्या आसपास आहे. ते पान जपून ठेवा. बऱ्याच सेंटरमध्ये फिल्मवर ते पान छापत नाहीत पण मशीनमध्ये असतं, आणि मशीनची जागा भरली की जुने पेशंट पुसले जातात, म्हणून ज्यांच्याकडं ते पान नाही त्यांनी लगेच जाऊन सीडी मागून घ्यावी, सगळ्या इमेज आणि डोस रिपोर्टसकट.

या पानावरनं दोन चुका होतात आणि दोन्ही चांगले शिकलेले लोक करतात. पहिली, डीएलपी नावाचा जो मोठा आकडा असतो, शेकड्यात, म्हणजे सीटीडीआय गुणिले स्कॅनची लांबी, त्याला ०.०१५ नं गुणून मिलिसिव्हर्टमध्ये म्हणजे धोक्याच्या मापात उत्तर काढायचं आणि बाळाला एवढा डोस गेला म्हणून सांगायचं. ते उत्तर आईच्या अख्ख्या शरीराच्या सरासरी धोक्याचं असतं, पिशवीत किती शोषलं गेलं त्याच्याशी त्याचा थेट संबंध नाही. स्कॅन पिशवीच्या वरच थांबला असला तरी डीएलपी मोठा दिसेल. दुसरी चूक म्हणजे सीटीडीआय तोच बाळाचा डोस समजायचा. सीटीडीआय मोजतात ३२ सेंटीमीटर जाड प्लॅस्टिकच्या भरीव दंडगोलावर, आणि आपल्याकडच्या तेवीस-चोवीस वर्षांच्या पोरी तेवढ्या जाड कुठं असतात, बारीक अंगाच्या बाईत आतल्या अवयवांना सीटीडीआयपेक्षा जास्त डोस बसतो, मी १.४ पट धरतो, कंबरेचा घेर मोजला की नेमकं काढता येतं. म्हणजे या दुसऱ्या पद्धतीत डोस कमी दाखवला जातो आणि तेही बरोबर नाही, धीर द्यायचा तर खऱ्या आकड्यावर द्यावा.

मग वहिनींचा हिशोब, ९ आणि ९ मिळून १८, गुणिले १.४, साधारण २५ मिलिग्रे. इतक्या लवकरच्या दिवसात पिशवीचा डोस तोच गर्भाचा डोस धरतात, पुढच्या महिन्यांत मात्र बाळ कुठं आहे, किती खोल आहे हे बघून वेगळं काढावं लागतं. एक तपासायचं राहिलं, स्कॅन खाली कुठपर्यंत घेतलाय. सीटीच्या सुरुवातीला जो लांबडा फोटो असतो त्यावर वर एक रेघ आणि खाली एक रेघ असते. खालची रेघ जांघेपर्यंत असेल तर पिशवी पूर्ण झोतात, माझा २५ बरोबर. ती कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेला थांबली असेल तर डोस एकदम खाली येतो, काही मिलिग्रेच राहतात. अपघाताच्या केसमध्ये बहुतेक खालपर्यंतच घेतात म्हणून मी पूर्ण धरलाय.

सगळं मिळून २९, आपण ३० म्हणू. असल्या हिशोबात चूक राहतेच, तीस-चाळीस टक्के इकडं-तिकडं, कधी जास्तपण. म्हणून मी नेहमी दुप्पट करून बघतो. दुप्पट केले तरी ६०. शंभरच्या आतच.

शंभर का म्हणतोय ते सांगतो. आयसीआरपी म्हणून रेडिएशनच्या सुरक्षेची आंतरराष्ट्रीय समिती आहे, तिनं २००० साली गरोदरपण आणि मेडिकल रेडिएशन या विषयावर स्वतंत्र पुस्तिका काढली, क्रमांक ८४. त्यात स्पष्ट आहे की १०० मिलिग्रेच्या आत व्यंगाचं प्रमाण वाढलेलं दिसत नाही आणि एवढ्या डोससाठी रेडिएशनच्या कारणानं गर्भपात करणं योग्य ठरत नाही. १०० ते ५०० च्या मध्ये त्या बाईची परिस्थिती, आठवडा, सगळं बघून ठरवावं, आणि ५०० च्या वर गर्भाला मोठी इजा होऊ शकते. अमेरिकेतली गायनॅक लोकांची संघटना तर ५० च्या आत गर्भपात होणं किंवा व्यंग येणं याचा संबंधच दिसत नाही म्हणते. बुद्धीचं म्हणाल तर हिरोशिमा-नागासाकीला पोटात असलेल्या मुलांवरनं ते कळलं, ८ ते १५ आठवड्यांत १००० मिलिग्रेला बुद्ध्यांक साधारण २५ गुणांनी घसरतो आणि तीव्र मतिमंदत्वाला आयसीआरपीच्या मते निदान ३०० मिलिग्रे लागतात. वहिनी त्या आठवड्यांत नव्हत्या आणि डोस त्याच्या दहाव्या हिश्श्याचा.

आता जे कमी लोक उघडपणे सांगतात तेपण सांगतो. कॅन्सरला असा उंबरठा धरत नाहीत. १९५६ मध्ये इंग्लंडात ऑक्सफर्डला डॉक्टर अ‍ॅलिस स्टुअर्ट यांनी लहानपणी कॅन्सर झालेल्या मुलांच्या आयांना विचारून विचारून दाखवलं की गरोदरपणी पोटाचा एक्स-रे झालेल्या आयांची मुलं त्यात जास्त आहेत, तेव्हापासून १० मिलिग्रेच्या आसपासचा डोससुद्धा थोडासा धोका वाढवतो असंच धरून चालतात. किती वाढवतो? आयसीआरपीच्या तक्त्यात शून्य डोसला मुलाला १९ वर्षांपर्यंत कॅन्सर न होण्याची शक्यता ९९.७ टक्के आहे, १० मिलिग्रेला ९९.६, ५० ला ९९.४. वहिनींच्या ३० ला म्हणजे ९९.५ च्या आसपास. एक्स-रे न काढलेल्या हजार मुलांत ९९७ बरी राहतात, एवढा डोस झालेल्या हजारांत ९९५. हे तुम्ही दोघांनी कागदावर लिहून समोर ठेवा आणि बघा यासाठी गर्भ काढायचा का. निर्णय तुमच्या दोघांचा आहे, त्यातही आधी वहिनींचा, पण घाबरवून घेतलेला नको.

आणि हेही घरच्या मोठ्यांना आत्ताच सांगून ठेवा की एकही एक्स-रे न काढलेल्या बायकांमध्येसुद्धा शंभरातली तीन बाळं काही ना काही व्यंग घेऊन जन्मतात, आणि दिवस गेल्याचं कळल्यावरसुद्धा दहा-पंधरा टक्के गर्भ आपणहून पडतात. उद्या दुर्दैवानं काही झालं तर ते सीटीच्या माथी मारलं जाईल, सुनेलाच बोल लागेल की हिनंच नीट सांगितलं नाही म्हणून. ते होऊ नये. पाळी चुकल्याचं विचारायची जबाबदारी मशीनच्या बाजूला उभ्या असलेल्याची असते, वेदनेनं कळवळणाऱ्या पेशंटची नाही, आणि तेव्हा माहीत असतं तरी पोटात रक्तस्रावाची शंका असताना सीटी करणंच बरोबर ठरलं असतं, फार तर साधा स्कॅन वगळून इंजेक्शनचा एकच केला असता आणि डोस निम्मा झाला असता.

भीतीनं काय होतं त्याचं मोठं उदाहरण ग्रीसचं आहे. १९८६ ला चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली तेव्हा तिथं पोचलेला डोस एक मिलिसिव्हर्टच्या आसपास, पण पुढच्या वर्षी छापून आलेल्या अभ्यासाचा अंदाज असा की त्या काळातल्या सुरुवातीच्या गरोदरपणांपैकी जवळपास २३ टक्के नुसत्या भीतीपोटी पाडले गेले. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हापासून मनातनं जात नाही. हवीहवीशी बाळं होती ती.

तुम्ही एप्रनचं विचारलंय की त्यांनी शिशाचा एप्रन का घातला नाही. पोटाच्याच तपासणीत पिशवीवर एप्रन टाकला तर जे बघायचं तेच झाकलं जाईल. आणि छातीच्या वगैरे तपासणीत पिशवीपर्यंत येणारं रेडिएशन आतनं येतं, बाहेरच्या एप्रननं ते अडत नाही. उलट आताच्या मशीन आपोआप डोस ठरवतात, मध्ये शिसं आलं की ती जास्त सोडतात. म्हणून अमेरिकेतल्या मेडिकल फिजिसिस्टच्या संघटनेनं २०१९ मध्ये पेशंटला असा एप्रन घालायची पद्धत बंद करा असंच सांगितलं. यात त्या दवाखान्याची चूक धरू नका.

इंजेक्शनचं, म्हणजे आयोडीनच्या औषधाचं, फारसं मनावर घेऊ नका, बाळ जन्मल्यावर थायरॉईडची टीएसएच तपासणी तेवढी चुकवू नका, ती सगळ्याच बाळांची व्हावी. औषधांची यादी मात्र गायनॅकना दाखवा, अपघातात दिलेल्या पेनकिलरवर त्यांचं मत माझ्यापेक्षा महत्त्वाचं.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी उलट बाजूचं थोडं, कारण तेही तेवढंच बघतो. खोकला, ताप, वजन घटतंय, टीबीची शंका आहे, आणि गरोदर आहे म्हणून छातीचा एक्स-रे नको म्हणतात. पायाला सूज, अचानक दम लागलाय, फुप्फुसात रक्ताची गाठ अडकल्याची शंका आहे, तरी सीटी नको म्हणतात. छातीच्या सीटीत बाळाला ०.०१ ते ०.६६ मिलिग्रे जातो, आणि ती गाठ ओळखायची राहिली तर आई जाते. सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये एक्स-रे नसतातच, त्यानं काम भागत असेल तर ते आधी. पण भागत नसेल तर एक्स-रे सीटी टाळू नका. खरोखर जपायचं ते कॅन्सरला लाईट म्हणजे रेडिओथेरपी देतात तिथं आणि थायरॉईडसाठी रेडिओअ‍ॅक्टिव्ह आयोडीनचं औषध देतात तिथं, बाळाची थायरॉईड दहा-बारा आठवड्यांनंतर ते आयोडीन ओढून घेते, ते गरोदरपणी द्यायचंच नसतं.

तर आता तुम्ही करायचं ते. सीटीची सीडी, डोसचं पान, एक्स-रेच्या फिल्म, दवाखान्याच्या रजिस्टरमधले केव्ही एमएएस मिळाले तर ते, शेवटच्या पाळीची तारीख, पहिल्या सोनोग्राफीचा रिपोर्ट, आणि वहिनींचं वजन, उंची, कंबरेचा घेर. हे घेऊन मेडिकल फिजिसिस्टकडं जा. आपल्याकडं ज्या हॉस्पिटलात कॅन्सरला लाईट देतात तिथं तो असतोच, कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी हॉस्पिटलच्या रेडिओलॉजी विभागात विचारलं तरी कुणाकडं जायचं ते सांगतील. तोंडी उत्तर घेऊ नका, सहीचा कागद घ्या ज्यात डोस, आठवडा आणि हिशोबाची पद्धत लिहिलेली असेल, आणि तो कागद तुमच्या नेहमीच्या गायनॅकच्या फाईलला लावा. ज्यांनी खाली करा म्हटलं त्यांनाही दाखवा, रागानं नको, कागद बघून मत बदलणारे डॉक्टर मी भरपूर बघितलेत. पुढं १८ ते २० आठवड्यांत व्यंग तपासायची सोनोग्राफी करून घ्या, ती तशीही सगळ्यांनीच करायची असते, फॉलिक अ‍ॅसिड चालू नसेल तर आजच गायनॅकना विचारून सुरू करा. आणि सीटीच्या लांबड्या फोटोतली खालची रेघ कुठं आहे तेवढं मला कळवा, त्यावर २५ चा आकडा पक्का करून देतो.